अट्रॅक्टा टॅन्सी आणि कपाटाचा आरसा

बॅलिनूरच्या रस्त्यावर गाडीच्या टपाला आरसा बांधून कोणी चाललं असेल तर ती अट्रॅक्टा टॅन्सीच. ती घर बदलत नव्हती आणि जुनं सामानही विकत नव्हती. आईच्या लग्नात आलेल्या कपाटाचं एक दार तिने बिजागऱ्यांसकट उतरवून घेतलं होतं. त्या दाराला माणसाच्या उंचीचा, जाड काचेचा आरसा होता. तो गोधडीत गुंडाळून, दोरीने टपाला आवळून ती आयर्लंडातल्या स्लायगो परगणाभर हिंडायची. वाऱ्याने गोधडी सरकली की मागून येणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन जायचं. निम्म्या परगण्याने तिला त्यावरून शिव्या घातल्या होत्या, उरलेल्या निम्म्याने निमूट वाट दिली होती.

आरशाचं काम साधं होतं. शेकडो वर्षं पाऊस खाल्लेल्या दगडावरचं कोरीव काम समोरून ऊन पडलं की दिसत नाही. दगड पाटासारखा सपाट दिसतो. तेच ऊन कडेने, घासून गेल्यासारखं पडलं की मिटलेल्या रेघा उठून बसतात. पण आमच्याकडे ऊन मुळात येतं कधी, आणि आलं तर हव्या त्या बाजूने येईल अशी हमी कोण देणार? मग ते आरशात धरून आणावं लागतं. लोकांना वाटतं, जुन्या वास्तूंचे फोटो काढायचे म्हणजे डोळ्याला कॅमेरा लावायचा आणि बटण दाबायचं. अट्रॅक्टाचं बहुतेक काम ओल्या गवतात उभं राहण्याचं होतं.

तिच्या वडिलांचं बॅलिनूरच्या चौकात औषधांचं दुकान होतं. त्या काळी गावातले कॅमेऱ्याचे रोल औषधांच्या दुकानातच धुवायला येत. दुकानामागच्या ज्या खोलीत पूर्वी खोकल्याचं औषध ढवळलं जाई, तिथे अट्रॅक्टा शाळा संपल्यापासून रोल धूत आली. गावाचं सगळं तिने गावाच्या आधी पाहिलं. समुद्रावर कोण कोणाबरोबर गेलं, कोणाच्या खांद्यावर कोणाचा हात होता, हे तिच्यासमोर ओल्या कागदावर हळूहळू उमटत असे. तिने कधी तोंडातून शब्द काढला नाही, म्हणून दुकान चाललं. पुढे स्वतःचा कॅमेरा घेतला. लग्नं, मुलांचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन, पासपोर्ट, प्रदर्शनात बक्षीस मिळवलेल्या गाई, सगळं काढलं. गाई तिला आवडत; त्या उगाच हसायचा प्रयत्न करत नाहीत. स्वतः मात्र लग्न केलं नाही. "इतकी लग्नं मी भिंगातून पाहिली," ती म्हणे, "की माझी हौस परस्पर फिटली."

मास्तर डर्कन तिच्या आयुष्यात आले ते अंगठ्यासकट. कोलमन डर्कन शाळेतून निवृत्त होऊन परगण्याच्या इतिहासामागे लागले होते. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणे, त्यांची बायकोसुद्धा. पहिल्या पुस्तकासाठी किल्ल्याचे फोटो त्यांनी स्वतःच काढले आणि रोल दुकानात आणून टाकला. आठवड्याने अट्रॅक्टाने फोटो काउंटरवर पसरले.

"मास्तर, किल्ला बरा आलाय. पण अंगठा फार सुंदर आलाय. एकही फोटो त्याने चुकवलेला नाही."

"तो किल्ल्याचा बुरूज आहे."

"बुरुजाला नख आहे, मास्तर."

तेव्हापासून मास्तर लिहीत आणि ती फोटो काढी. किल्ले झाले, जुने पूल झाले, थडगी झाली, चुन्याच्या भट्ट्या झाल्या. भट्ट्यांचं पुस्तक कोण घेणार, असं सगळे म्हणाले आणि नाताळात सगळ्यांनी एकमेकांना तेच भेट दिलं. गाडीत मास्तर मांडीवर नकाशा पसरून बसत आणि ठाम आवाजात चुकीचा रस्ता सांगत. पण माणूस कामाचा होता. कोणाच्याही दारावर थाप मारून ते आत जात, म्हाताऱ्यांच्या शेजारी चुलीपाशी बसत आणि कपभर चहात तीन पिढ्यांची हकीकत काढून आणत. लिहायचेही सरळ, उगाच अलंकार नाहीत. दोष एकच. पुस्तक आपलं आहे याबद्दल त्यांना कधीच शंका नव्हती. मुखपृष्ठावर ठळक अक्षरांत कोलमन डर्कन. अट्रॅक्टाचं नाव आत, छापखान्याच्या पत्त्याखाली, मुंगीच्या अक्षरांत.

तिला त्याचं काही वाटत नव्हतं, निदान तसं ती समजत होती. मग एकदा स्लायगोच्या पुस्तकांच्या दुकानात ती पुस्तक चाळत उभी असताना दुकानदार कौतुकाने म्हणाला, "मास्तर फोटोसुद्धा काय सुरेख काढतात, नाही?" अट्रॅक्टाने पुस्तक मिटलं, जागेवर ठेवलं आणि घरी येईपर्यंत गाडी नेहमीपेक्षा जोरात चालवली. मास्तरांच्या दारात जाऊन तिने सांगून टाकलं की पुढच्या पुस्तकावर दोन नावं येतील, सारख्या अक्षरांत, नाहीतर अंगठ्याला पुन्हा कामावर घ्या.

मास्तर लगेच हो म्हणाले असते तर ते मास्तर कसले. पुढचं पुस्तक परगण्यातल्या पवित्र विहिरींचं होतं. त्यातली एक विहीर किलवाऱ्याची, जिच्यावरच्या दगडी चेहऱ्याचा फोटो आजवर कोणालाच नीट मिळाला नव्हता. "किलवाऱ्याचा चेहरा आण," मास्तर म्हणाले. "तो मुखपृष्ठावर घालू. खाली दोन्ही नावं. शब्द देतो."

किलवाऱ्याची विहीर म्हणजे डोंगराच्या कडेला दगडांनी बांधलेला वाहता झरा. त्याच्या तोंडावर, कोनाड्यात, एक कोरलेला चेहरा बसवलेला आहे. गाव त्याला म्हातारी म्हणतं. दातदुखीवर त्या पाण्याचा गुण येतो, आणि म्हातारीचा एक गाल सुजल्यासारखा दिसतो, म्हणून कोणाला त्यात संशयही येत नाही. मास्तरांचं म्हणणं वेगळं. हा बाराव्या शतकातला बिशप असून डोक्यावर त्याची टोपी आहे, असं ते लिहूनही बसले होते. खरं काय ते सांगणार कोण? कारण दरवर्षी जुलैच्या शेवटच्या रविवारी तिथे जत्रा भरते, आणि जत्रेच्या आधी गेथिन्स घरातली बाई विहिरीला आणि म्हातारीला चुन्याचा हात देते. सासूने सुनेला, तिने आपल्या सुनेला, असं चालत आलेलं. नाक, डोळे, टोपी, जे काही असेल ते, पिढ्यापिढ्यांच्या चुन्याखाली गाडलं गेलं होतं. आता ते काम डीलिया गेथिन्सकडे होतं. वय ऐंशी, नवरा लूक गेलेला, कंबर ताठ.

अट्रॅक्टाने तिला आधी फोन केला.

"फोटो काढायचा तर काढ की," डीलिया म्हणाली. "पण तिला खरवडायचं नाही. विद्यापीठातले दोघे आले होते ब्रश घेऊन, त्यांना मी कुत्रं दाखवलं."

"खरवडणार नाही, डीलियाबाई. तुम्हीही काही करू नका. आहे तसंच राहू द्या."

"बरं बरं."

आमच्याकडच्या बाईचं 'बरं बरं' म्हणजे होकार नव्हे, हे अट्रॅक्टाला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

ठरल्या दिवशी, शनिवारी, आभाळ धुतल्यासारखं निघालं. छपाईवाला सोमवारपर्यंतच थांबणार होता, त्यामुळे हाच काय तो दिवस. मास्तर नकाशा घेऊन बसले. किलवाऱ्याच्या फाट्यावर त्यांनी डावीकडे म्हटलं, ती डावीकडे वळली आणि गाडी एका गुरांच्या वाटेला लागली, जिथे गुरांनीही विचार करून पाय टाकला असता. एका खड्ड्यात गाडी आपटली तेव्हा टपावरून आवाज आला. डीलियाच्या अंगणात पोचल्यावर अट्रॅक्टाने दोरी सोडली आणि गोधडी उलगडली. आत आरसा नव्हता, आरसे होते.

"आरसा फुटला की सात वर्षांचं दुर्दैव," मास्तर म्हणाले. "माझं वय बघता ते सगळं मी भोगीन असं वाटत नाही."

"उरलेलं माझ्या वाट्याला येईल, काळजी नको. डावीकडे म्हणे."

तेवढ्यात डीलिया बादली आणि कुंचला घेऊन घरामागून आली. स्वच्छ एप्रन, केस विंचरलेले, रबरी बूटसुद्धा धुतलेले. "या, या. बघा तरी कशी केलीय ती."

शेत ओलांडून ते विहिरीपाशी गेले. फाटकाला हिरवा रंग दिलेला होता, अजून ओला. भोवतालची खाजरी झुडपं कापून काढली होती. आणि विहीर, तिचा कठडा, कोनाडा, म्हातारी, सगळं नव्या चुन्याने निथळत होतं.

"एरवी एकच हात देते," डीलिया म्हणाली. "आज दोन दिले. पहाटे उठून."

"मी म्हटलं होतं ना, आहे तसं राहू द्या?"

"अगं पोरी, फोटोत यायचं म्हटल्यावर कोणी पारोसं येतं का?"

यावर काय बोलणार? आमच्याकडे घरोघरी पाळीने मिस्सा होतो, फादर घरी येऊन प्रार्थना करतात. आपल्या घराची पाळी आली की माणसं भिंती रंगवतात, पडदे धुतात, फादर कधी पाऊल टाकणार नाहीत त्या गोठ्यालासुद्धा चुना फासतात. पाहुणा येणार आणि घर जसंच्या तसं, हा अपमान असतो, पाहुण्याचाही आणि घराचाही. डीलियाने म्हातारीची अब्रू राखली होती. फोटोच्या दृष्टीने मात्र आता पांढऱ्यावर पांढरा फुगवटा होता, दह्यात बुडालेल्या बटाट्यासारखा. त्यात विहिरीचं तोंड उत्तरेला, वर अ‍ॅशचं झाड. दुपारचं ऊन तिथे कधी पोचतच नव्हतं, आणि आरसा तर अंगणात गोधडीवर तुकडे होऊन पडला होता.

"चहा घ्या आधी," डीलिया म्हणाली. "चुना वाळू दे."

चहा म्हणजे नुसता चहा नसतो. हॅम होतं, गरम सोडा ब्रेड होता, घरचं लोणी, रुबार्बचा जाम आणि वर सफरचंदाचा टार्ट. नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं की वाढप दुप्पट होतं. मास्तरांनी दोनदा टार्ट घेतला, मग हवा खाऊन येतो म्हणून उठले. डीलिया आपल्या सासूच्या काळातल्या जत्रेबद्दल सांगत होती. सांगता सांगता ती टेबलावर काहीतरी शोधू लागली.

"जामाचा चमचा कुठे गेला? आत्ता इथे होता. चांदीचा आहे, लूकच्या आत्याने दिलेला."

अट्रॅक्टा एकदम उठली. "मी बघते," म्हणाली आणि शेतातून जवळजवळ पळत सुटली. साठीच्या बाईने शेतात पळू नये, पण काय करणार.

मास्तर विहिरीसमोर गुडघ्यांवर बसले होते. कोटाच्या बाहीला चुना, गुडघ्यांना चुना, एका भुवईलाही. हातात चमचा.

"अजून काही केलेलं नाही," ते घाईने म्हणाले. "फक्त कपाळावर बोटभर. टोपीची कड दिसली की थांबतो."

"उठा, मास्तर."

"अट्रॅक्टा, डोक्याने विचार कर. आरसा गेला. चुन्याने सगळं सपाट झालंय. सोमवारी छपाई. आज काही मिळालं नाही तर हा चेहरा पुस्तकात नाही. तुला तुझं नाव हवंय ना? मग मला बोटभर खरवडू दे. पुढच्या जत्रेला ती पुन्हा चुना देईल, कोणाला कळणारही नाही."

खरी गोष्ट अशी की ते चूक बोलत नव्हते. कोणाला कळलं नसतं. बोटभर चुना निघाला असता, फोटो निघाला असता आणि स्लायगोच्या दुकानदाराला पुढच्या वेळी मुखपृष्ठ दाखवता आलं असतं. अट्रॅक्टा क्षणभर त्या पांढऱ्या फुगवट्याकडे बघत राहिली. एका ऐंशीच्या बाईने त्यावर त्या दिवशी पहाटे दोन हात दिले होते, आपल्यासाठी, पारोसं दिसू नये म्हणून. तिने हात पुढे केला.

"चमचा द्या."

"आणि नाव?"

"नाव आत छापा. छापखान्याच्या पत्त्याखाली, छापता तसंच. पण आधी चमचा द्या, नाहीतर मी तुम्हाला इथेच सोडून जाईन, आणि घरी जायचा रस्ता तुम्हाला माहीत नाही."

"कसलं नाव?" मागून आवाज आला. डीलिया एप्रनला हात पुसत उभी होती.

मास्तर उठायला गेले. गुडघा धरला, तसे पुन्हा बसले.

"कोलमन डर्कन," डीलिया म्हणाली. सगळ्या परगण्यात त्यांना नावाने हाक मारणारी ती एकटीच उरली होती. "तुझ्या आईला मी ओळखत होते. चमच्याची चोरी करणारा मुलगा तिने वाढवला नव्हता."

"मी चोरत नव्हतो. मी..."

"खरवडत होतास, दिसतंय. चुन्याच्या भट्ट्यांवर अख्खं पुस्तक लिहिलंस तू. नाताळात मला तीन प्रती आल्या. तो सगळा चुना कशाला भाजत होते असं वाटलं तुला? खायला?"

अट्रॅक्टाला हसू आवरेना, म्हणून तिने झाडाकडे पाहिलं.

"आणि नाव कसलं ते सांग मला," डीलिया अट्रॅक्टाला म्हणाली.

तिने सांगितलं. थोडक्यात, रडगाणं न लावता. डीलिया ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता.

"म्हणजे ते पूल, ती थडगी, त्या भट्ट्या, सगळं तू काढलंस? मला वाटलं कोलमननेच."

"सगळ्यांना तसंच वाटतं."

"आत लिहिलेलं असतं," मास्तर पुटपुटले.

"आत कुठे? मी पुस्तक शेवटपर्यंत वाचते. चष्मा लावून वाचते. मला नाही दिसलं." तिने मास्तरांच्या हातातून चमचा घेतला, एप्रनला पुसला, खिशात टाकला. "केवढा आरसा लागतो तुला, पोरी?"

"माणसाएवढा."

"चल."

डीलियाच्या झोपायच्या खोलीत एक कपाट चादरीखाली उभं होतं. घरात कोणी गेलं की आमच्याकडे आरसे झाकतात आणि माती झाली की उघडतात. लूक गेथिन्सला जाऊन कित्येक वर्षं झाली होती.

"चादर काढायची राहिली," डीलिया म्हणाली. "मग म्हटलं कशाला काढा. मी कशी दिसते ते मला माहीत आहे." तिने चादर ओढली. धूळ उडाली. ती समोर उभी राहून स्वतःकडे बघत राहिली, मान थोडी वाकडी करून. "हं," ती म्हणाली. "माहीत नव्हतं."

शेजारचा फेस्टी, साठीचा ब्रह्मचारी, स्क्रू काढायची हत्यारं आणि ट्रॅक्टर घेऊन आला. बाईच्या झोपायच्या खोलीत पाऊल टाकायला तो इतका लाजला की सगळे स्क्रू त्याने डोळे जमिनीकडे लावून काढले. कपाटाचं दार ट्रॅक्टरमागच्या पेटीत उभं करून ते विहिरीकडे निघाले तेव्हा आरशात अख्खा डोंगर हलत चालला होता. सूर्य उतरला होता. जुलैत आमच्याकडे संध्याकाळ उशिरापर्यंत रेंगाळते आणि ऊन वायव्येकडून आडवं येतं. शेताच्या मधोमध ते होतं, झाडाखाली नव्हतं.

"आरसा कोण धरणार?" फेस्टीने विचारलं.

"कोलमन धरेल," डीलिया म्हणाली.

तिचा हिशेब पक्का होता. आरसा धरणाऱ्याने आरशामागे उभं राहायचं असतं. ज्या माणसाला म्हातारीचा चेहरा बघायची सगळ्यात जास्त घाई होती, त्याला दाराची मागची फळी तेवढी दिसणार होती. मास्तरांनी निमूटपणे दार कवटाळलं.

अट्रॅक्टाने तिपाई रोवली, कॅमेरा बसवला. "डावीकडे, मास्तर. तुमचं डावं नव्हे, खरं डावं. आता थोडं वाकवा. अजून. थांबा."

चुना वाळून कोरडा, घट्ट पांढरा झाला होता. त्यावर कडेने उजेडाची पट्टी सरकत आली, कोनाड्याच्या कोपऱ्यावर चढली आणि चेहऱ्यावर जाऊन पडली. आणि म्हातारी उठली. रेघा नव्हत्या, बारकावे नव्हते. ते कधीच बुजले होते. पण इतक्या हातांनी थरावर थर चढवत नेलेलं कपाळ होतं, गोल, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखं. एक गाल सुजलेला. नाकाचा नुसता उंचवटा. आणि तोंडाचा एक कोपरा वर गेलेला, स्पष्ट, दातदुखीतही कोणीतरी काहीतरी विनोदी बोलल्यासारखा.

"काय दिसतंय?" आरशामागून मास्तर ओरडले. "टोपी आहे का?"

डीलिया जवळ गेली नव्हती, गवतातच उभी होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने हा चेहरा हाताने ओळखला होता, कुंचल्याने, सावलीत, घाईघाईत, जत्रेच्या शंभर कामांमधलं एक काम म्हणून.

"हसतेय होय ही," ती हळूच म्हणाली. "आणि मला वाटत होतं मीच नीट लावत नाही तिथे."

"बिशप आहे की नाही ते सांगा कोणीतरी. माझे हात भरून आलेत."

"बिशप असेल तर तुझ्या आईसारखा दिसतो," डीलियाने उत्तर दिलं. "हलू नकोस."

अट्रॅक्टाने दोन फोटो घेतले. चांगले होते, ती समजून होती. तिसऱ्याला तिने बटणावर बोट ठेवलं आणि तेवढ्यात डीलिया चौकटीत शिरली.

"थांब, थांब. कानाजवळ राहिलंय."

आडव्या उजेडात जे बाकी कोणाला दिसलं नव्हतं ते तिला दिसलं होतं. तिने बादलीतून कुंचला उचलला, पुढे वाकली आणि म्हातारीच्या कानाजवळ चुना लावू लागली, पोराचं तोंड पुसावं तसा दुसऱ्या हाताने हनुवटीला आधार देऊन. मास्तरांचा नियम होता की वास्तूंच्या फोटोत माणूस नको. माणसाचे कपडे जुने होतात, दगड होत नाही. अट्रॅक्टाने तो नियम इतकी वर्षं पाळला होता. तिने बटण दाबलं.

रविवारी दुपारी मिस्सा आटोपून मास्तर दुकानाच्या मागच्या खोलीत आले. फोटो वाळत टांगले होते. पहिले दोन त्यांनी पाहिले, मान हलवली. तिसऱ्यासमोर ते उभेच राहिले. दंड चोळत होते. आरशाने आखडले होते.

"टोपी नाही," ते शेवटी म्हणाले.

"असेलही. चुन्याखाली."

"माणूस आहे यात."

"आहे."

"हाच घाल," मास्तर म्हणाले. मग खुर्ची ओढून बसले, खिशातून किलवाऱ्यावरचं प्रकरण काढलं आणि बाराव्या शतकातल्या बिशपवर एक लांबलचक रेघ मारली. त्याच्या जागी काय लिहावं यावर दोघांचं संध्याकाळपर्यंत भांडण चाललं. शेवटी जे छापलं गेलं ते एवढंच की हा चेहरा कोणाचा ते ठाऊक नाही, पण किलवाऱ्याच्या बायका तो अजून घडवत आहेत. हे वाक्य कोणाचं यावरही त्यांचं आजवर एकमत नाही.

पुस्तक नाताळाच्या आधी आलं. प्रकाशन किलवाऱ्याच्या सभागृहात झालं, सँडविच होते, फेस्टीने नवा टाय घातला होता. मुखपृष्ठावर म्हातारी आणि तिच्या कानाशी वाकलेली डीलिया, आणि खाली दोन नावं, एका अक्षरानेही लहानमोठी नाहीत. अट्रॅक्टाने ती पट्टी लावून मोजली होती, पण ते तिने कोणाला सांगितलं नाही. भाषणात मास्तर म्हणाले की छायाचित्रकाराचं नाव मुखपृष्ठावर असावं असं त्यांना पहिल्यापासून वाटत होतं. अट्रॅक्टाने मागच्या रांगेतून खोकून दाखवलं. सभागृह हसलं.

आत, छापखान्याच्या पत्त्याखाली, जिथे पूर्वी तिचं नाव असायचं, तिथे तिने आणखी एक ओळ घालायला लावली होती: 'चुना: डीलिया गेथिन्स.' मुंगीच्या नव्हे, चांगल्या ठसठशीत अक्षरांत. लगेच फेस्टीने विचारलं की मग ट्रॅक्टरचं नाव कुठे आहे.

डीलियाने चष्मा लावला, ती ओळ दोनदा वाचली आणि पान उलटलं. मग पुस्तक मिटून मुखपृष्ठ डोळ्यांपासून लांब धरलं, मान वाकडी करून, कपाटाच्या आरशासमोर केली होती तशीच. अट्रॅक्टा शेजारी उभी होती. तिला काहीतरी ऐकायचं होतं, ते ती लपवू शकत नव्हती.

"फोटो चांगला आहे," डीलिया म्हणाली. "पण बघ ना, पोरी. कानाजवळ अजून राहिलंच आहे."